पोचा काढायचा की ठेवायचा? युद्धातलं लोखंड आणि घरातलं वर्कशॉप

आजचा विषय लोखंडाचा आहे, पण युद्धातून परत आलेल्या लोखंडाचा. समजा, एखाद्या जुन्या रणगाड्याचा चेपलेला मडगार्ड, हत्यारं ठेवायची गंजकी पेटी किंवा फुटका दिवा तुमच्या घरातल्या टेबलावर आला. त्याचं काय कराल? ठोकून सरळ कराल? चकचकीत रंग द्याल? की जसा आला तसाच ठेवाल? प्रश्न छोटा वाटतो. जगभरात घराच्या मागच्या शेडमध्ये, गॅरेजमध्ये, कधी गच्चीवर बसून अशी कामं करणारे बरेच हौशी लोक आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाला पहिला हातोडा मारण्याआधी या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं. कारण चुकीच्या जागी बसलेला हातोडा इतिहासाचं एक पान कायमचं पुसून टाकतो.

ही गोष्ट आज मारतहळ्ळीतून सुरू करायची आहे, आणि त्याला कारण आहे.

टँक नावाचा माणूस

मारतहळ्ळी म्हटलं की आज आयटी कंपन्या, रिंग रोड आणि न हलणारी वाहनांची रांग डोळ्यांसमोर येते. पुण्या-मुंबईची, सोलापूर-कोल्हापूरची कितीतरी मराठी मुलं-मुली इथे भाड्याच्या घरात राहतात. ‘हळ्ळी’ म्हणजे कन्नडमध्ये गाव. मग ‘मारत’ कुठून आलं? काही जण सांगतात, ही मराठ्यांची वस्ती. बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीतलं शहर होतं, त्यामुळे मराठी माणसाला ही कथा लगेच पटते. दुसरी कथा विमानाची. मारतहळ्ळीच्या पश्चिमेला एचएएलची, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सची धावपट्टी आहे. तिथे भारताचं पहिलं लढाऊ जेट विमान तयार झालं, ‘मरुत’. त्या मरुतवरून मारतहळ्ळी, असं लोक सांगतात.

नावाचा वाद बाजूला ठेवू. मरुतची गोष्ट मात्र आपल्या विषयाला धरून आहे. त्याचा आराखडा करणाऱ्या जर्मन तंत्रज्ञाचं नाव होतं कुर्ट टँक. जर्मन उच्चार ‘टांक’ असा. दुसऱ्या महायुद्धातलं गाजलेलं फोक-वुल्फ १९० हे लढाऊ विमान त्यांचंच. ते १९५६ मध्ये बेंगळुरूला आले आणि १७ जून १९६१ रोजी मरुतनं पहिलं उड्डाण केलं. म्हणजे बेंगळुरूच्या इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध टँक हा माणूस होता! आणि याच टँकच्या विमानांनी १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर शत्रूच्या जमिनीवरच्या फौजेवर हल्ले केले.

पण विमान घडवण्याच्या कितीतरी आधी या कारखान्यानं दुसरी एक विद्या शिकून घेतली होती. मोडलेलं युद्धयंत्र पुन्हा उभं करण्याची.

वालचंदांचा कारखाना, अमेरिकेची विमानं

सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं २३ डिसेंबर १९४० रोजी बेंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी सुरू केली. कल्पना होती भारतात विमानं बनवायची. पण महायुद्ध पेटलं होतं. जपान ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपला. १९४२ मध्ये सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि १९४३ मध्ये कारखान्याचा कारभार अमेरिकेच्या हवाई सेनेकडे गेला. नवी विमानं बनवणं मागे पडलं. आता इथे येऊ लागली ती युद्धातून थकून, फाटून आलेली विमानं. इंजिनं उघडायची, झिजलेले भाग बदलायचे, पत्रा जोडायचा आणि विमान परत आघाडीवर पाठवायचं.

त्या दुरुस्तीचा नियम एकच होता, आणि तो नीट ध्यानात ठेवा. काम देईल ते ठेवा, काम देणार नाही ते फेका. गोळीचं भोक दिसलं की त्यावर पत्र्याचं ठिगळ, चार बाजूंनी रिव्हेट, वर रंग. ती गोळी कुठून आली, आत कोण बसलं होतं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. आणि त्या वेळी ते बरोबरच होतं. युद्ध चालू असताना विमान स्मारक म्हणून ठेवायचं नसतं, उडवायचं असतं.

रणगाड्यांचंही तसंच होतं. लढाई संपल्यावर मैदान ज्याच्या ताब्यात राहिलं, त्याला दोन्ही बाजूंचे बंद पडलेले रणगाडे मिळत. म्हणून रात्रीच्या अंधारात साखळदंड लावून ते ओढून आणणं हे लढण्याइतकंच महत्त्वाचं काम ठरलं. याच युद्धात, १ मे १९४३ रोजी, भारतीय सैन्यात यंत्रदुरुस्तीसाठी स्वतंत्र दल उभं राहिलं. आज आपण त्याला ईएमई म्हणून ओळखतो.

दुरुस्ती करणाऱ्यांचे काही ठोकताळे होते. चिलखताला भोक पडलं तर ते भरता येई. पण रणगाडा आतून जळला असेल तर तो सहसा भंगारात जाई. का? चिलखती पोलादाचा कडकपणा त्याला दिलेल्या पाण्यावर असतो, आपल्या लोहाराच्या भाषेत ‘पाणी देणं’. भयंकर आगीत ते पाणी उतरतं आणि पोलाद मऊ पडतं. दिसायला सगळं जागेवर असतं, पण पुढच्या गोळ्याला ते अडवत नाही. आणि एक काम असं होतं, ज्याबद्दल दुरुस्तीवाले फारसं बोलत नसत. ज्या रणगाड्यात माणसं गेली, तो आतून धुऊन, पांढरा रंग देऊन, मगच नव्या तुकडीकडे सोपवायचा. नवी पोरं आत बसताना त्यांना काही दिसू नये, म्हणून.

म्हणजे पुसून टाकणं हाच तेव्हा दुरुस्तीचा एक भाग होता.

कानपूरचं भंगार

युद्ध संपलं आणि एक विचित्र प्रकार घडला. अमेरिकेनं ब्रिटनला उसनवार करारावर दिलेली लिबरेटर जातीची चार इंजिनांची मोठी बॉम्बफेकी विमानं कानपूरजवळच्या चकेरी तळावर उभी होती. करारानुसार ती परत करायची किंवा निकामी करायची होती. परत नेणं परवडत नव्हतं. म्हणून ती मुद्दाम मोडण्यात आली. उपकरणं फोडली, इंजिनांत वाळू टाकली, विमानांच्या अंगावर ट्रक घातले. हेतू हाच की ही विमानं पुन्हा कधी उडू नयेत.

१९४८ साल उजाडलं. काश्मीरचं युद्ध चालू होतं. नव्या देशाकडे जड बॉम्बफेकी विमान एकही नव्हतं, आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. एचएएलची माणसं कानपूरला गेली आणि त्या भंगाराच्या ढिगात फिरून काय वाचवता येईल ते पाहू लागली. एका विमानाचा पंख, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याची चाकं. अशी जुळवाजुळव करून एकेक विमान कसंबसं उडण्याजोगं करायचं आणि बेंगळुरूला न्यायचं. ती जोखीम घेतली एचएएलचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी. अर्धवट उपकरणांवर, ठिगळं लावलेलं, कधीकाळी मुद्दाम मोडलेलं विमान घेऊन कानपूर ते बेंगळुरू! आणि हे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. बेंगळुरूच्या कारखान्यात मग त्यांची पूर्ण दुरुस्ती होई.

नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाची ५ नंबरची स्क्वाड्रन याच विमानांवर उभी राहिली. मोडीत काढलेल्या त्या ढिगातून तीन-चार डझन विमानं बाहेर आली, आणि त्यातली शेवटची १९६८ पर्यंत उडत होती. वीस वर्षं! तोवर जगातल्या बाकी हवाई दलांनी लिबरेटर केव्हाच मोडीत काढलं होतं.

आता पुढची गंमत बघा. अमेरिकेनं ही विमानं १८,००० च्या वर बनवली. आज पूर्ण अवस्थेत उरलेली लिबरेटर हाताच्या बोटांवर मोजावी लागतात, आणि त्यातली बरीच भारतातून गेलेली आहेत. एक दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतल्या संग्रहालयांना आपण दिलेली विमानं तिथे आहेत. बेंगळुरूच्या कामगारांनी ठिगळं लावली म्हणून जगाकडे लिबरेटर उरलं.

यातलं एक विमान फिरत फिरत अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे पोचलं. त्यांनी ते अगदी सुटं करून, हजारो तास खर्चून नव्यानं बांधलं. १९८९ मध्ये ते पुन्हा आकाशात गेलं. काम उत्तम, त्याबद्दल शंकाच नको. पण ते विमान रंगवलं कसं? आधी ‘ऑल अमेरिकन’ या नावानं, पुढे ‘विचक्राफ्ट’ या नावानं, म्हणजे अमेरिकन तुकड्यांनी महायुद्धात उडवलेल्या दुसऱ्याच विमानांच्या वेशात. या विमानाचं स्वतःचं आयुष्य होतं ते ब्रिटिश हवाई दलातलं आणि त्याहून कितीतरी जास्त वर्षं भारतीय हवाई दलातलं. ते रंगाखाली गेलं. ज्या भारतीय हातांमुळे ते वाचलं, त्यांची एकही खूण बाहेरून दिसेनाशी झाली.

यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. आपल्या गेलेल्या वैमानिकांची आठवण त्यांना जागवायची होती. पण आपल्या मूळ प्रश्नाचं मर्म इथेच आहे. जुनी वस्तू पूर्ववत करतो म्हणजे आपण तिला तिच्या आयुष्यातल्या कुठल्या तरी एका दिवसाकडे परत नेतो. तो दिवस कोणता, हे ठरवणं म्हणजेच बाकीचे दिवस पुसणं. दुरुस्ती विचारते, चालेल का? जतन विचारतं, कोणत्या दिवसाचं?

अहिल्यानगरचा एक रणगाडा

आता महाराष्ट्रात येऊ. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथेच १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीत अनेकांनी ते पाहिलं असेल. रोल्स-रॉईसची चिलखती गाडी आहे, ब्रिटिशांचे मटिल्डा आणि चर्चिल आहेत, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पकडलेले चिमुकले जपानी रणगाडे आहेत, पाकिस्तानकडून घेतलेला पॅटन आहे. पॅटन म्हटलं की १९६५ चं असल उत्तर आठवतं. पंजाबातल्या त्या उसाच्या आणि मुद्दाम पाणी सोडलेल्या शेतांत इतके पॅटन अडकले आणि फुटले, की जवळ भिखीविंडला ते ओळीनं मांडले गेले आणि त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले.

पण नगरमधल्या चिलखती दलाच्या केंद्रात जपलेला एक रणगाडा या सगळ्यांहून वेगळा आहे. त्याचं नाव ‘फामागुस्ता’. सायप्रसमधल्या एका बंदराचं हे नाव. रणगाडा सेंच्युरियन जातीचा, पूना हॉर्स या रेजिमेंटचा. पूना हॉर्सची सुरुवातच १८१७ मध्ये पुण्याची, म्हणून तिचं नाव आजही तेच. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड भागात बसंतर नदीच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या रणगाड्यात होते. जन्म पुण्याचा, वय २१, सैन्यात दाखल होऊन जेमतेम सहा महिने झालेले. समोरून पॅटन एकामागून एक येत होते. फामागुस्ताला गोळा लागला, आग लागली. वरिष्ठांनी रणगाडा सोडायला सांगितलं. तोफ अजून चालते आहे, या कारणावर त्यांनी नकार दिला आणि ते लढत राहिले. पुढच्या गोळ्यानं त्यांचा जीव घेतला. दुसऱ्याच दिवशी युद्धविराम झाला. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

मघाचा ठोकताळा आठवा. आतून पेटलेला रणगाडा भंगारात जातो. युद्धाच्या हिशेबानं फामागुस्ताची जागा वितळवण्याच्या भट्टीत होती. त्याला वाचवलं, सावरलं आणि आज तो जपून ठेवला आहे, तो पुन्हा लढावा म्हणून नाही. तो दिवस उभा राहावा म्हणून. १९४३ मध्ये बेंगळुरूला जे पुसायचं होतं, तेच १९७१ नंतर नगरला सांभाळायचं होतं. लोखंड तेच, पण त्याच्याकडून हवी असलेली गोष्ट बदलली.

टेबलावरचा मडगार्ड

तर मंडळी, आता तुमच्या टेबलावर येऊ. बेंगळुरूत असं काम करायला साधनं भरपूर. सुटे भाग आणि हत्यारं एस. पी. रोडवर. वेल्डिंग, लेथ, मशिनिंग पीन्यात. जुन्या गाड्यांचे भाग शिवाजीनगरच्या गुजरीत. कोल्हापूरकरांना गुजरी म्हटलं की सोनं आठवतं, इथल्या गुजरीत लोखंड मिळतं. पुणेकरांना जुना बाजार आहेच.

पहिली गोष्ट सुरक्षेची, आणि ती हसण्यावारी नेऊ नका. तोफेचा, बंदुकीचा कुठलाही भाग घरी आणायचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही येतात. स्फोटक, फ्यूज, न फुटलेला गोळा, यांना हातही लावायचा नाही. देशात गोळीबार मैदानांच्या आसपास भंगार वेचताना माणसं गेली आहेत. दिसलं तर पोलिसांना कळवा. जुन्या घड्याळ-मीटरच्या तबकड्या अंधारात चमकाव्यात म्हणून त्यांवर रेडियम लावत, त्या उघडू नका. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये आणि सायलेन्सरच्या वेष्टनात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते कोरडं घासू नका. हे सगळं वगळूनही मडगार्ड, पेट्या, दिवे, चाकं, पट्ट्यांच्या कड्या, हत्यारं असं बरंच काही उरतं.

दुसरी गोष्ट, हातातलं लोखंड कोणतं ते ओळखा. सगळा रणगाडा चिलखताचा नसतो. मडगार्ड आणि पेट्या साध्या पत्र्याच्या असतात. तो पत्रा गरम करून, ऐरणीवर ठेवून सरळ होतो, कुठलाही चांगला डेंटर ते करून देईल. खरं चिलखत वेगळं. त्यात निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम असतं, आणि साध्या रॉडनं टाका मारला तर थंड होताना तो तडकतो. म्हणून महायुद्धातही चिलखत जोडायला स्टेनलेस जातीचे रॉड वापरत. पट्ट्यांच्या कड्या अनेकदा मँगनीज पोलादाच्या असतात. तिची गंमत अशी, की जितकं ठोकाल तितकी ती कडक होते, आणि लोहचुंबक तिला जवळपास चिकटत नाही. ड्रिल लावलंत तर ड्रिलच बोथट होईल. एक सोपी चाचणी सांगते. लपलेल्या कोपऱ्यात कानस फिरवा. साध्या पत्र्यात ती लगेच चावते, चिलखतावर त्याहून कष्टानं. चिलखत असूनही कानस सहज चावली, तर तो भाग कधीतरी मोठ्या आगीत होता अशी शंका घ्या. बघा, एका कानशीनं तुम्हाला त्या रणगाड्याचं शेवटचं पान वाचून दाखवलं!

तिसरी गोष्ट गंज. घरी करण्याजोगी चांगली पद्धत विजेची. प्लास्टिकचं टब घ्या, १० लिटर पाण्यात तीन-चार चमचे धुण्याचा सोडा. गंजका भाग १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, आणि फेकून द्यायचा साधा लोखंडी पत्रा धन टोकाला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. गंज सुटतो, खालचं चांगलं लोखंड शाबूत राहतं. धन टोकाला स्टेनलेस कधीही लावू नका, पाण्यात क्रोमियमचं विषारी संयुग उतरतं. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून काम उघड्यावर, ठिणगीपासून लांब. पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद. कडक पोलादाच्या स्प्रिंगा आणि बोल्ट मात्र यात टाकू नका, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतात.

आणि एक आपल्या सह्याद्रीतला उपाय. जुन्नर-आंबेगावकडचा हिरडा माहीत आहे ना? त्यात भरपूर टॅनिन असतं. टॅनिन गंजाशी मिळून काळा, घट्ट थर तयार करतं. बाजारात गंजावर लावायची जी काळी द्रावणं मिळतात, त्यांतल्या अनेकांचं मर्म हेच. खोलवर गंजलेला भाग घासून पातळ करण्यापेक्षा हा थर बरा.

पण थांबा. टबात टाकण्याआधी एक काम राहिलं आहे. सोड्याच्या पाण्यात गंजाबरोबर रंगही सुटतो. आणि रंग म्हणजे त्या भागाची जन्मपत्रिका. वरचा हिरवा, त्याखाली वाळूचा, त्याखाली आणखी एखादा. वाळवंटातून जंगलात गेलेल्या गाडीनं अंगावर घातलेले ते कपडे आहेत. एखाद्या थरावर तुकडीचं चिन्ह असतं, स्टेन्सिलनं मारलेला आकडा असतं. म्हणून आधी बोटाएवढ्या जागेवर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळूहळू घासा. रंगांची वर्तुळं एकात एक उमटतील. त्यांचा फोटो काढा, मगच पुढे जा. ओतकामातले आकडे, तपासनिसाचा शिक्का, ब्रिटिश सरकारी मालावरची बाणाची खूण, हे सगळं टिपून ठेवा. ग्राइंडरनं हे एका मिनिटात जातं आणि पुन्हा येत नाही.

कोणता पोचा कशाचा

आता राहिला मूळ प्रश्न. पोचा काढायचा की ठेवायचा?

याचं उत्तर पोच्यालाच विचारायचं. मडगार्ड चेपलेला असेल तर तो बऱ्याचदा झाडाला, भिंतीला, पुलाच्या कठड्याला घासलेला असतो, किंवा पुढे भंगारवाल्यानं उचलताना वाकलेला असतो. ती युद्धाची खूण नव्हे. भंगारवाल्याचा पोचा काढून टाका, काही बिघडत नाही. पण पत्र्यात आरपार भोकं असतील आणि त्यांच्या कडा एका बाजूला पाकळ्यांसारख्या वळलेल्या असतील, तर काहीतरी तिकडून इकडे गेलं आहे. पाकळ्या ज्या बाजूला, तिकडे ते गेलं. दोन पत्र्यांतली दोन भोकं एका काठीनं जोडून पाहा, गोळी कुठून आली ते कळेल. जाड चिलखतात लहान, गोल छिद्र आणि आत कधी तांब्याचा अंश दिसला, तर ते पोकळ आकाराच्या चिलखतभेदी स्फोटकाचं काम असू शकतं. ही भोकं लांबी भरून बुजवणं म्हणजे पंचनामा फाडणं.

इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात जर्मनांचा टायगर १३१ आहे. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांनी तो पकडला. गोळे लागून त्याचा मनोरा फिरेनासा झाला होता, म्हणून आतली माणसं तो सोडून गेली. १९९० मध्ये दुरुस्तीला घेतलेला हा रणगाडा २००३ च्या अखेरीस चालत्या इंजिनासह संग्रहालयात परतला. आज तो लोकांसमोर धावतो. पण त्या ब्रिटिश गोळ्यांचे ओरखडे त्याच्या अंगावर अजून आहेत. चालणारे भाग दुरुस्त झाले, बोलणारे भाग तसेच राहिले. माझ्या मते घरच्या वर्कशॉपसाठी याहून चांगला धडा नाही.

त्याची उलटी बाजू आपल्याकडे चौकाचौकांत दिसते. अनेक शहरांत निवृत्त झालेले रणगाडे चौथऱ्यावर उभे आहेत. त्यांचा मान ठेवायचा म्हणून त्यांना रंग दिला जातो, मग पुन्हा रंग, मग पुन्हा. आकडे बुजतात, चिन्हं बुजतात, फटींत पाणी साचून आतून गंज सुरूच राहतो. काही वर्षांनी उरतो तो रणगाड्याच्या आकाराचा हिरवा ठोकळा. तो कोणत्या तुकडीचा, कोणत्या सालचा, कुठे लढला, यातलं काहीच त्याच्यावर वाचता येत नाही. प्रेमानं लावलेल्या रंगानंही विसर पडतो.

म्हणून तीन साध्या गोष्टी पाळा. हातोडा उचलण्याआधी वस्तूला कोणत्या दिवसाकडे न्यायचं ते वहीत लिहा. कारखान्यातून निघाली तो दिवस, लढली तो दिवस, की तुम्हाला सापडली तो दिवस. त्या दिवसाच्या आधीच्या खुणा ठेवा, नंतरच्या काढायला हरकत नाही. दुसरं, तुम्ही नवा पत्रा जोडाल तिथे मागच्या बाजूला तारीख कोरा, म्हणजे उद्या कुणी तुमचं काम १९७१ चं समजणार नाही. तिसरं, काढलेला तुकडा टाकू नका. चिठ्ठी बांधून डब्यात ठेवा.

मारतहळ्ळीहून शहराकडे येताना जुन्या विमानतळ रस्त्यावर एचएएलचं वारसा केंद्र आहे. तिथे मरुत उभं आहे. कधी गेलात तर त्याच्या रंगाकडे थोडं कमी आणि पत्र्याच्या जोडांकडे थोडं जास्त बघा. रिव्हेटची प्रत्येक ओळ कुणीतरी हातानं मारलेली आहे. त्याच परिसरात कानपूरच्या भंगारातून आणलेली विमानं याच शहरातल्या माणसांनी उभी केली. त्यांची नावं फलकांवर नाहीत, विमानांवरही राहिली नाहीत. त्यांच्याकडे वही ठेवायला वेळ नव्हता. आपल्याकडे आहे.